बदामीची शेपटी

कात्रीताईंकडे स्वतःची घोडी आहे हे पहिल्यांदा ऐकलं की माणूस हसायचा. थट्टा नाही, खरंच आहे, असं कळलं की आणखी हसायचा.

हसू येणारच हो. त्या बाईला पाहिलेल्या कुणालाही पहिला प्रश्न हाच पडेल, की ही घोडीवर बसते कधी? सकाळी दुकानाचं शटर वर गेल्यापासून संध्याकाळी खाली येईपर्यंत त्या साध्या खुर्चीवरसुद्धा बसत नसत. केस कापायचं दुकान त्यांचं. आरशासमोर गिऱ्हाइकांच्या तीन खुर्च्या, कोपऱ्यात डोकी धुवायचं बेसिन, भिंतीला लागून वाट बघणाऱ्यांसाठी बाकडं, आणि बाकड्याच्या टोकाला एक जुनी आरामखुर्ची. तिची गादी इतकी दबलेली, की तिच्यात बसलेल्या माणसाला हात देऊन वर काढावं लागे. जेवण उभ्यानं, चहा उभ्यानं, फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये. ‘कात्रीताई’ हे नाव गिऱ्हाइकांनीच ठेवलेलं. मात्र ते हातातल्या कात्रीवरून ठेवलं की तोंडातल्या, याबद्दल दुकानात दोन तट होते.

घोडी आली कशी, ते ऐका. मागच्या गल्लीत एक आजीबाई राहायच्या. गुडघे गेलेले, म्हणून कात्रीताई दर आठवड्याला त्यांच्या घरी जाऊन केस बसवून द्यायच्या. आजीबाई तरुणपणापासून घोड्यावर बसणाऱ्या. बसणं सुटलं तरी घोडी सुटली नव्हती. शहराबाहेरच्या तबेल्यात ठेवलेली, नाव बदामी, रंगही तोच. एक दिवस आजीबाई आरशात बघत म्हणाल्या, “लेकीकडे चाललेय गं कायमची. बदामीला कुणाच्या पदरात टाकू, हेच कळत नाही. भलत्या माणसाच्या हाती द्यायला जीव होत नाही.”

कात्रीताईंच्या तोंडात तेव्हा केसांच्या पिना होत्या. “मी घेते,” त्या म्हणाल्या. तोंडात पिना असताना बोललेलं एरवी कुणाला म्हणून कळत नाही. आजीबाईंना नेमकं कळलं.

घरी नवऱ्याला सांगायचं होतं. नवऱ्याचा धंदा सोफे आणि खुर्च्या भरायचा. घराखालच्या गाळ्यात दिवसभर ठोकाठोक चाले. कात्रीताई दारात उभ्या राहून म्हणाल्या, “अहो, मी घोडी घेतली.”

नवऱ्याच्याही तोंडात चुका होत्या, सोफ्याला ठोकायचे बारीक खिळे. या घरात महत्त्वाची बोलणी अशीच, तोंडात काहीतरी धरून व्हायची. त्यानं हातातली चूक ठोकून संपवली आणि विचारलं, “ठेवायची कुठे?”

“तबेल्यात.”

“मग हरकत नाही. मला वाटलं बैठकीच्या खोलीत.”

आता कात्रीताईंना घोडी का हवी होती, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पण आपल्याला सांगायला काय जातं? लहानपणी शाळेच्या वाटेवर एक कुंपण होतं आणि कुंपणाआड एक घोडा. बाकीच्या पोरी त्याला गवत द्यायच्या. ही एकटी फटीतून हात घालून त्याची आयाळ विंचरायची, स्वतःच्या फणीनं. शाळेत उशिरा पोचायची, छड्या खायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा कुंपणाशी हजर. एवढे केस एकाच जिवाला, आणि वर तोंडातून तक्रारीचा शब्द नाही! असं गिऱ्हाईक पुढे जन्मभर त्यांना मिळालं नाही.

पहिलं वर्ष झकास गेलं. त्या संध्याकाळी तबेल्यात जायच्या, खोगीर घालायच्या, बदामीवर बसून ओढ्यापर्यंत दुडक्या चालीनं जाऊन यायच्या. दुसऱ्या दिवशी चालताना पाय फाकायचे, त्याचाही तोरा. पण दुकान चांगलं चाललं की मालकाचे पाय दुकानात रुततात. हाताखालची मुलगी लग्न करून गेली, तिच्या जागी मनासारखी मिळेना. गिऱ्हाइकं वाढली. कुणाला लग्नासाठी केस हवेत, कुणाला मुलाखतीसाठी, कुणाला नवरा सोडून गेला म्हणून सगळेच काढून हवेत. नाही म्हणायची कात्रीताईंना सवय नव्हती. त्यांचा शब्द एकच: “जमवते.”

तबेला सांभाळणारे मामा फोन करायचे. “ताई, येताय ना?”

“जमवते, मामा.”

मामा फोन ठेवून बदामीला सांगायचे, “जमवतेबाई येणार म्हणतात गं.” बदामी कान हलवायची आणि पुन्हा गवताकडे वळायची. ती कोणाच्या शब्दावर किती विसंबायचं हे ओळखून होती.

बरं, गेल्या तरी काय व्हायचं? दुकानाचा अ‍ॅप्रन अंगावर तसाच, खिशात फणी नि कात्री, गळ्यात फोन. “आज बसायचंच,” असं ठणकावून आत शिरायच्या. मग नजर शेपटीवर जायची. शेपटीत कुसळं, काटेरी बिया, वाळका चिखल, गाठी. “आधी एवढं सोडवते,” म्हणून फणी काढायच्या. एकदा फणी निघाली की कात्रीताई जगाला विसरायच्या. टोकाकडून वर, बट बट वेगळी करून, एक केस तुटू न देता. शेपटी रेशमासारखी झाली की आयाळ. आयाळ निम्मी झाली की फोन. दुकानात कुणीतरी डोक्याला रंग लावून बसलेलं असायचं, आणि तो धुवायची वेळ टळली तर केसांचा रंग गाजरावर जायचा. की पळाल्या ताई!

खोगीर खुंटीवरून उतरेनाच. शेवटी ते नुसतंच पडून आहे म्हणून मामांनी खाली कोपऱ्यात ठेवलं, तर तबेल्यातल्या मांजरीनं त्यात पिल्लं घातली. मामा म्हणाले, “ताई, आता बसायचं असेल तर आधी मांजरीला विचारा.”

ताई हसल्या. पण परतीच्या वाटेवर त्यांना काही ते हसणं पुरलं नाही.

लोकही टोमणे मारायला टपलेलेच. नणंदबाई म्हणायच्या, “वहिनी, तुमच्या घोडीला तुमचा चेहरा तरी ठाऊक आहे का? फोटो लावून ठेवा हो तिथं एखादा.” कात्रीताई तोडीस तोड उत्तर द्यायच्या. मात्र रात्री उशीवर डोकं टेकलं की तोच टोमणा पुन्हा ऐकू यायचा.

आणि मग त्यांच्या हातून ती चूक झाली. अशी चूक फक्त केस कापणाऱ्या बाईच्याच हातून होते. तुमच्या-माझ्या हातून होणार नाही, आपल्याला सुचणारच नाही.

उन्हाळा तोंडावर आला होता. दुकानात दुपारी लग्नाची मंडळी येणार होती, नवरी, करवल्या, दोन्हीकडच्या आया. कात्रीताई सकाळी कशाबशा तबेल्यात आल्या. बघतात तर शेपटीचं नुसतं घरटं झालेलं. सोडवायचं म्हणजे अख्खी सकाळ जाणार. त्यांनी घड्याळ पाहिलं, शेपटी पाहिली, पुन्हा घड्याळ पाहिलं. धावपळीत असलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या जो सल्ला देत आल्या होत्या, तोच त्यांच्या तोंडात आला. पोरंबाळं सांभाळून नोकरी करणाऱ्या बायकांना त्या हेच सांगायच्या: आखूड करून टाका, झटक्यात आवरतं.

खिशातून कात्री निघाली. कचकच, कचकच. मामा गवत आणायला गेलेले, अडवायला कुणी नाही. गुडघ्याच्याही वरपर्यंत, एका ओळीत, कडेला जरासा गोल आकार देऊन कात्रीताईंनी बदामीची शेपटी कापली. मग दोन पावलं मागे सरकून, मान तिरकी करून पाहिली. वळण सुरेख आलं होतं. हाताखाली आरसा असता तर त्यांनी तो बदामीच्या मागे धरून “बघा, चालेल?” असंही विचारलं असतं.

कापलेले केस त्यांनी पिशवीत भरून नवऱ्यासाठी आणले. नवरा ते बोटांत घेऊन बघतच राहिला. जुन्या काळी चांगल्या खुर्च्या घोड्याच्याच केसांनी भरायचे. “असला माल आता बघायला मिळत नाही गं,” तो म्हणाला. त्यानं केस धुतले, वाळवले, पिंजले, आणि दुकानातल्या त्या दबलेल्या आरामखुर्चीची गादी उसवून त्यात भरले. खुर्चीला नवा जन्म मिळाला. वाट बघणाऱ्या बायका तिच्यासाठी भांडायला लागल्या.

त्या आठवड्यात कात्रीताईंना तबेल्यात जायला जमलं नाही. पुढच्या आठवड्यात जमवते म्हणाल्या, तेव्हाही जमलं नाही. शेवटी मामांचा फोन आला. “येताय ना?” असं त्यांनी विचारलं नाही. “या,” एवढंच म्हणाले.

दुपारचं ऊन मी म्हणत होतं. मैदानात एकच झाड, आणि झाडाखाली तबेल्यातल्या घोड्या नि घोडे जोडीजोडीनं उभे होते, नेहमीसारखे. त्यांची रीत असते. एकाचं तोंड दुसऱ्याच्या शेपटीकडे, दुसऱ्याचं पहिल्याच्या. मग ह्याची शेपटी त्याच्या डोळ्यांवरच्या माश्या हाकलते, त्याची ह्याच्या. बदामीची जोडी एका म्हाताऱ्या काळ्या घोड्याशी होती. त्याला सगळे आजोबा म्हणायचे. किती तरी उन्हाळे ती दोघं तशीच उभी राहत आलेली.

आज आजोबा एका पांढऱ्या घोडीच्या शेपटीशी उभा होता. बदामी उन्हात, कुंपणाला लागून, एकटी. डोळ्यांच्या कोपऱ्यांत माश्यांचे घोस. पोटावर, मांड्यांवर गोमाश्या. ती आखूड शेपटी हलवायची. शेपटी हलायची, पोचायची मात्र कुठेच नाही. मग पाय आपटायची, मान मागे टाकायची, कुंपणाच्या खांबाला अंग घासायची. घासून घासून मागच्या बाजूची कातडी लाल झाली होती. कात्रीताईंचा सुरेख गोल आकार त्या लाल कातडीच्या वर डौलात हलत होता.

“अहो मामा!” कात्रीताईंच्या तोंडून एवढंच आलं.

“आजोबा दोन दिवस उभा राहिला तिच्याजवळ,” मामा म्हणाले. “पण त्याच्या तोंडावरच्या माश्या काही जाईनात. तो तरी काय करणार, म्हातारा जीव. मी मलम लावतोय. केस वाढतील, ताई. वेळ लागतो, पण वाढतात.”

मामा ओरडले असते तर बरं झालं असतं. कात्रीताईंनी ओरडणाऱ्याचं कधीच ऐकून घेतलं नव्हतं, तोंडाला तोंड दिलं असतं. इथे उत्तर द्यायला समोर कुणी नव्हतंच. त्या कुंपणाच्या आत गेल्या, अ‍ॅप्रन काढला आणि बदामीच्या तोंडावर वारा घालत उभ्या राहिल्या. फोन वाजला, वाजू दिला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा घ्यावाच लागला. दुकानात एक बाई डोकं ओलं घेऊन बसली होती. कात्रीताईंनी अ‍ॅप्रन पुन्हा अंगात घातला. माश्या पुन्हा बदामीच्या डोळ्यांवर बसल्या, ते त्यांनी जाताना वळून पाहिलं.

संध्याकाळी शटर खाली ओढून कात्रीताई त्या आरामखुर्चीत बसल्या. स्वतःच्या दुकानात, स्वतः होऊन, बहुधा पहिल्यांदाच. नवरा न्यायला आला होता. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? तो गमतीत म्हणाला, “वा! बदामीवर बसायला वेळ नव्हता, शेवटी बसलीस एकदाची.”

कात्रीताईंना रडू फुटलं. साधंसुधं नाही, हमसून हमसून. नवऱ्याची पाचावर धारण बसली. त्यानं आधी माफी मागितली, मग कशाबद्दल मागायची ते विचारलं. सगळं सांगून झाल्यावर त्या नाक पुसत म्हणाल्या, “मला वेळ नाही, तर मी तिची शेपटी कापली. उद्या चालायला न्यायला जमलं नाही तर काय, पाय कापू? मी तिला देऊन टाकणार.”

“विकणार?”

“देणार. ज्याच्याकडे वेळ असेल त्याला.”

“नक्की ना? का उद्या सकाळी—”

“नक्की. आणि तुम्ही उठून काहीतरी शिवा तिच्यासाठी. नुसते बसू नका.”

नवरा उभाच होता, पण अशा वेळी ते सांगायचं नसतं. त्यानं जाऊन बदामीसाठी झूल शिवली, मानेपासून शेपटीपर्यंत अंग झाकेल अशी, कडेला माश्या हाकलायला लांब गोंडे लावून. घरात शिल्लक कापड होतं ते सोफ्याचं, त्यावर थाळीएवढाली लाल फुलं. दुसऱ्या दिवशी ती घालून बदामी मैदानात आली तेव्हा मामांनी तबेल्यातून हाक मारली, “अहो, सोफा कुणी सोडलाय मैदानात?” थट्टा काय व्हायची ती होवो, माश्या कमी झाल्या. बदामी झुलीसकट झाडाखाली जाऊन उभी राहिली. आजोबा मात्र त्या फुलांना बिचकून लांबच राहिला.

आता माणूस शोधायचा. ‘वेळ असलेला माणूस पाहिजे’ ही बातमी दुकानातून शहरभर जायला एक सकाळ पुरते. माणसं आली. आणि मग कात्रीताईंनी जी उलटतपासणी सुरू केली, ती ऐकून मामासुद्धा खराऱ्याचा हात थांबवून बघत राहायचे.

एक साहेब आले, चकचकीत बूट घालून. बदामीच्या मानेवर थोपटता थोपटता त्यांनी दोन फोन उरकले. कात्रीताईंनी विचारलं, “रोज येणं होईल?”

“रोज म्हणजे... रविवारी नक्की. बाकीचं जमवू.”

“जमवू नका,” कात्रीताई म्हणाल्या. “या तुम्ही.” जमवणाऱ्या माणसाचा असा राग कुणी केला नसेल.

नणंदबाईही येऊन गेल्या. त्यांना बदामी बागेत हवी होती, पाहुण्यांना दाखवायला. कात्रीताई म्हणाल्या, “तुमच्याकडे बाग आहे, पाहुणे आहेत, वेळ कुठाय? तुम्हाला तर पाहुण्यांशी बोलायलाही वेळ नसतो.” नणंदबाई रागावून गेल्या. पुढच्या आठवड्यात केस कापायला मुकाट्यानं आल्या, ती गोष्ट वेगळी.

मामा म्हणाले, “ताई, असं करून कुणीच मिळायचं नाही.”

“न मिळू दे,” कात्रीताई म्हणाल्या. आणि हे बोलताना त्यांना मनातून जरा बरंच वाटलं. ती बरं वाटण्याची जागा त्यांची त्यांनाच सापडली आणि त्या स्वतःवर चिडल्या. म्हणजे शोध माणसाचा नव्हता तर. माणूस न मिळण्याचा होता.

अशात दुकानात टपालबाई आल्या. जन्मभर घरोघर टपाल वाटलेलं, नुकत्याच निवृत्त झालेल्या. उन्हानं रापलेला चेहरा, धोंड्यासारखे बूट, खांद्यावर रिकामी पिशवी, आणि डोक्यावर, कात्रीताईंच्या शब्दांत सांगायचं तर, कावळ्यानं अर्धवट सोडलेलं काम. दुकान भरलेलं होतं. कात्रीताई सवयीनं म्हणाल्या, “थोडं थांबावं लागेल हं, जमवते.”

“सावकाश,” टपालबाई म्हणाल्या. “सगळ्यांचं होऊ दे. मला काही घाई नाही.”

कात्रीताईंचा हात हवेतच थांबला. त्या दुकानाच्या भिंतींनी हे वाक्य कधी ऐकलं नव्हतं. टपालबाई त्या आरामखुर्चीत बसल्या, तासभर बसल्या, मासिक उघडलं नाही की घड्याळ बघितलं नाही. पाळी आली तेव्हा कात्रीताईंनी आरशातून विचारलं, “दिवसभर काय करता हो तुम्ही?”

“चालते. जुन्याच रस्त्यानं. सकाळी पाय आपोआप निघतात, त्यांना कुठं कळलंय मी निवृत्त झाले ते? फाटकाशी आले की हात पिशवीत जातो. पिशवीत काही नसतं. मग पुढे जाते.” त्या हसल्या. “एकटीनं चालायचा कंटाळा येतो, एवढंच.”

दुसऱ्या दिवशी कात्रीताई त्यांना तबेल्यात घेऊन गेल्या. टपालबाईंनी उभ्या जन्मात घोड्याला हात लावला नव्हता. कुत्रे चावलेले, बैल मागे लागलेले, एका घरच्या हंसानं तर पिशवी फाडलेली; घोड्याशी तेवढा संबंध आला नव्हता. मामांनी दावं हातात दिलं. टपालबाई बदामीला म्हणाल्या, “चला बाई,” आणि चालायला लागल्या. बदामी झुलीसकट मागोमाग निघाली. पहिल्या फाटकाशी टपालबाई थांबल्या, हात पिशवीत गेला. बदामीही थांबली आणि पिशवीत तोंड घातलं. पिशवीत काही नाही हे कळल्यावर दोघी पुढे निघाल्या. दुसऱ्या फाटकाशी बदामी आपणहून थांबली. घरातली माणसं बाहेर आली, चौकशी झाली, कुणी गाजर दिलं. दोघी परतल्या तेव्हा सकाळ सरून गेली होती, आणि बदामीचे कान ताठ उभे होते.

सगळं ठीकच होतं की! पण कात्रीताईंचं घोडं अजून एका जागी पेंड खात होतं. त्यांनी फणी काढली. “हे बघा, रोज विंचरायचं. टोकाकडून वर. असं.”

टपालबाईंनी फणी घेतली आणि थेट मुळातून खाली ओढली. बदामीनं मान झटकली. कात्रीताईंनी डोळे मिटून घेतले.

“मला हे जमायचं नाही,” टपालबाई फणी परत देत म्हणाल्या. “माझ्याच केसांना जमत नाही, तुम्ही बघितलंयत. चालायला नेईन, खाऊपिऊ घालीन, आजारी पडली तर रात्रभर बसेन. पण विंचरणं नाही.”

कात्रीताईंनी तोंड उघडलं. ‘मग राहू द्या,’ हे शब्द जिभेवर आले होते. मामा हातातलं गवत खाली ठेवून म्हणाले, “ताई, एक विचारू? तुम्ही बदामीला माणूस शोधताय, की स्वतःसारखी दुसरी कात्रीताई? तशी एक होती हो. ती यायचीच नाही.”

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर त्याची धडगत नव्हती. कात्रीताई मामांकडे बघत राहिल्या. मग बदामीकडे. बदामीनं टपालबाईंच्या पिशवीत पुन्हा तोंड घातलं होतं.

“न्या,” त्या म्हणाल्या. फणी खिशात टाकून पुन्हा म्हणाल्या, “आजपासून तुमची.”

“माझी एक अट आहे,” टपालबाई म्हणाल्या. “तुम्ही केव्हाही या. पण हिच्या शेपटीला कात्री लावायची नाही.”

“फणी?”

“फणीही नको. तुमचं एक काढलं की दुसरं निघतं.”

कात्रीताई परत निघाल्या. फणी खिशात होती. एरवी तबेल्यातून निघताना त्यांना दर वेळी अपराधी वाटायचं. आज ते वाटत नव्हतं, आणि त्या रिकाम्या जागेत इतकं दुखत होतं की अपराधी वाटणं परवडलं असतं.

मग? मग काही नाही. दुकान चालू, गिऱ्हाइकं चालू. पूर्वी बदामी स्वतःची असताना त्यांना तबेल्यात जायला जमत नसे. आता तर बोलूनचालून दुसऱ्याची. एक हिवाळा गेला, एक उन्हाळा गेला. दुकानात बायका सांगायच्या, आज तुमची घोडी आमच्या फाटकाशी आली होती. ‘माझी नाही आता,’ असं कात्रीताई म्हणायच्या आणि मग खोदून खोदून विचारायच्या: जाड झालीय का? पाय नीट टाकते ना? शेपटी कुठपर्यंत आलीय?

दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा दुपारी त्यांनी कात्री खाली ठेवली, नव्यानं ठेवलेल्या मुलीला “बघ गं जरा” म्हणाल्या आणि निघाल्या. कुणाला काही सांगितलं नाही.

झाडाखाली जोड्या लागल्या होत्या. फुलांची झूल कुंपणावर वाळत पडलेली, तिची गरज संपलेली. बदामी उभी होती आणि तिच्या शेपटीशी, जुन्या जागेवर, आजोबा. शेपटी लांब झाली होती, गुडघ्याच्या चांगली खाली. पण काय ती अवस्था! गाठी, कुसळं, काटेरी बिया, कुठूनशी एक काडी. टपालबाई झाडाच्या बुंध्याला टेकून बसल्या होत्या. “या, या,” त्या म्हणाल्या. उठल्या नाहीत.

कात्रीताई कुंपणातून आत गेल्या. हात आपोआप खिशाकडे गेला, फणीला लागला. बदामीनं वळून पाहिलं, वास घेतला, नाकानं फुरफुरली. ओळखलं होतं तिनं. फोटो लावायची गरज पडली नव्हती. कात्रीताईंनी हात खिशातून रिकामाच बाहेर काढला, तिच्या पाठीवरून फिरवत मागे गेल्या आणि आजोबाला जरा सरकवून त्याच्या बाजूला उभ्या राहिल्या.

एक माशी येऊन त्यांच्या कपाळावर बसली.

सप्पकन फटका आला. सबंध शेपटी, गाठी, कुसळं, काडीसकट, गालापासून कपाळापर्यंत. माशी उडाली. कात्रीताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. निम्मं फटक्यानं आलं असेल. त्या हसायला लागल्या आणि हसणं थांबेना.

“ताई,” टपालबाई म्हणाल्या, “केसांत काटे अडकलेत तुमच्या.”

“असू देत,” कात्रीताई म्हणाल्या. “काढीन सावकाश.”

आणि तिथेच उभ्या राहिल्या, पुढच्या फटक्याची वाट बघत.